छोट्या पेट्रोल इंजिनांचे इंधन आणि ऑइल: निवड, मिश्रण, बदल आणि साठवण

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेतला ग्रास कटर, कपाशीवर फिरणारा पाठीवरचा पेट्रोल फवारा, भाजीच्या सऱ्यांमधून चालणारा पॉवर विडर, ओढ्याकाठी ठेवलेला दोन इंची पाण्याचा पंप आणि वीज गेल्यावर आठवणारा छोटा जनरेटर, या सगळ्यांच्या पोटात साधारण २५ ते २०० सीसीचे पेट्रोल इंजिन असते. ही इंजिने कामाने सहसा मरत नाहीत. चुकीचे ऑइल, अंदाजाने केलेले मिश्रण आणि हंगामानंतर टाकीत राहिलेले पेट्रोल ही त्यांच्या अकाली मरणाची नेहमीची कारणे आहेत, आणि ही तिन्ही कारणे वापरणाऱ्याच्या हातातली आहेत. यंत्र घेताना आपण ब्रँड आणि किंमत यांवर जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ जरी टाकीत काय जाते आणि तिथे किती दिवस राहते याकडे दिला, तरी इंजिनाचे आयुष्य लक्षणीय वाढते.

इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

पुढचे सगळे या एका प्रश्नावर अवलंबून आहे, म्हणून कॅन उघडण्याआधी यंत्र नीट पाहावे. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच क्रँकच्या बेअरिंगना, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला वंगण देते आणि पेट्रोलबरोबर जळून धुराड्यातून बाहेर पडते. अशा यंत्राच्या टाकीवर किंवा झाकणावर बहुधा ५०:१, ४०:१ किंवा २५:१ असे पेट्रोल आणि ऑइलचे प्रमाण लिहिलेले असते. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या खालच्या भागात ऑइल भरण्याचे वेगळे झाकण असते, अनेकदा त्यालाच ऑइल मोजायची पट्टी जोडलेली असते, आणि टाकीत मात्र निव्वळ पेट्रोल जाते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. श्टील कंपनीच्या काही ब्रश कटरमध्ये ‘४-मिक्स’ नावाचे इंजिन येते. ते व्हॉल्व्ह असलेले फोर-स्ट्रोक इंजिन असले तरी त्यात ऑइलची वेगळी जागा नसते आणि त्याला टू-स्ट्रोकप्रमाणेच ऑइल मिसळलेले पेट्रोल द्यावे लागते. ‘फोर-स्ट्रोक आहे, म्हणजे साधे पेट्रोल चालेल’ अशा समजुतीने त्यात कोरे पेट्रोल घातले तर इंजिन जाम होते. म्हणून दुकानदार तोंडी काय सांगतो यापेक्षा टाकीवरचे चिन्ह आणि माहितीपुस्तिका यांवरच विश्वास ठेवावा.

घरात दोन्ही प्रकारची यंत्रे असतील, तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवावेत आणि त्यांवर ‘कोरे पेट्रोल’ आणि ‘मिश्रण ५०:१’ असे ठळक लिहावे. मिश्रण चुकून फोर-स्ट्रोकमध्ये गेले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. टाकी रिकामी करून स्वच्छ पेट्रोल भरले की प्रश्न सुटतो. उलटी चूक मात्र इंजिनाचा जीव घेते. कोऱ्या पेट्रोलवर टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात काही मिनिटेच चालते, मग आवाज जड होतो, वेग आपोआप उतरतो आणि ते थांबते. नंतर दोरी ओढली तर ती दगडात अडकल्यासारखी लागते. असा पिस्टन बाहेर काढून पाहिला तर धुराड्याच्या बाजूला वरून खाली उभे, चकचकीत ओरखडे दिसतात, ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला पुसल्यासारखे चिकटलेले असते आणि रिंगा खोबणीतच घट्ट बसलेल्या असतात. यावर उपाय म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बदलणे, आणि लहान यंत्रात तो खर्च पुष्कळदा परवडत नाही.

आजचे पेट्रोल आणि त्यातले इथेनॉल

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आज पेट्रोल वापरणे योग्य नाही, कारण पेट्रोलच बदलले आहे. देशात सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांना या धोरणाचा फायदा आहे, हे खरेच आहे. परंतु आज शेतात असलेल्या बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली असते, आणि हा फरक वापरणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. टाकीवर किंवा पुस्तिकेत ‘ई-२० (म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल) चालते’ असे स्पष्ट लिहिलेले यंत्र असेल, तर ही चिंता पुष्कळ कमी होते.

इथेनॉलचे तीन परिणाम लक्षात ठेवावेत. पहिला परिणाम ज्वलनावर होतो. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला कमी हवा लागते. मोटारीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो, पण ठरावीक जेट (पेट्रोल येण्याचे बारीक भोक) असलेला, हवा आणि पेट्रोल मिसळणारा छोटा कार्बोरेटर ते करू शकत नाही. परिणामी इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि ते अधिक तापते. दुसरा परिणाम सुट्या भागांवर होतो: जुन्या रबरी नळ्या, प्रायमरचा (चालू करण्याआधी दाबून इंधन ओढायचा) फुगा आणि कार्बोरेटरचे पातळ पडदे फुगतात, कडक होतात किंवा चिरतात. तिसरा परिणाम ओलाव्याशी संबंधित आहे आणि पावसाळी प्रदेशात तोच सर्वांत घातक ठरतो. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. ते ठरावीक मर्यादेपर्यंत पेट्रोलमध्ये विरघळून राहते, पण मर्यादा ओलांडली किंवा रात्री तापमान उतरले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात. टू-स्ट्रोकसाठी मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंधन ओढणारी नळी तर तळाशी असते, त्यामुळे अचूक मोजून मिश्रण केलेले असूनही इंजिनात ऑइल नसलेला थर जातो. ‘ऑइल घातले होते, तरी इंजिन बसले’ या तक्रारीमागे अनेकदा हेच घडलेले असते.

पेट्रोलात इथेनॉल किती आहे हे स्वतः तपासता येते. १०० मिली पेट्रोल रेघा आखलेल्या उंच काचेच्या नळीत घ्यावे, त्यात १० मिली पाणी घालावे, तोंड बंद करून हलवावे आणि थर स्थिर होऊ द्यावेत. खालचा थर १० मिलीच राहिला तर इथेनॉल नाही. तो सुमारे ३० मिलीपर्यंत वाढला तर पेट्रोलात जवळजवळ २० टक्के इथेनॉल आहे. ही चाचणी उघड्यावर, चूल, विडी किंवा विजेचे बटण जवळ नसताना करावी. याच पद्धतीने पाणी घालून सगळ्या पेट्रोलातले इथेनॉल धुऊन काढण्याचे व्हिडिओ फिरतात, परंतु त्या मार्गाला जाऊ नये. धुतलेल्या पेट्रोलात ओलावा मागे राहतो, त्याचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची क्षमता, उतरतो, आणि घरात कित्येक लिटर पेट्रोल उघडे हाताळणे हा आगीला दिलेला थेट धोका आहे.

महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घेतल्याने छोट्या इंजिनाची ताकद वाढत नाही, कारण त्यांचे कॉम्प्रेशन माफक असते आणि साध्या पेट्रोलचा ऑक्टेन त्यांना पुरतो. ताजेपणा मात्र महत्त्वाचा आहे. ज्या पंपावर गर्दी असते आणि टँकर वरचेवर येतो, तिथून १५ दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल घ्यावे. ई-२० पेट्रोलवर ग्रास कटर जास्त तापत असेल, वेग घेताना अडखळत असेल, तर कार्बोरेटरच्या जेटचा स्क्रू किंचित मोकळा करावा लागतो. हे काम वेगमापक असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे, कारण कानाने केलेली जुळवणी बहुधा चुकीच्या बाजूला झुकते.

टू-स्ट्रोकचे मिश्रण

ऑइल निवडताना डब्यावर ‘एपीआय टीसी’ किंवा ‘जासो एफसी’, ‘जासो एफडी’ यांपैकी दर्जाची खूण पाहावी. एफडी हा त्यातला अधिक स्वच्छ जळणारा दर्जा आहे आणि ५०:१ सारख्या पातळ मिश्रणासाठी तोच घ्यावा. ‘टीसी-डब्ल्यू ३’ अशी खूण असलेले ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी असते. किनारपट्टीवर ते सहज मिळते, म्हणून अनेकजण ते ग्रास कटरमध्येही वापरतात. हवेने थंड होणारे इंजिन कितीतरी जास्त तापते, त्यामुळे ते तिथे वापरू नये. मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक ऑइल तर मुळीच मिसळू नये. ते जळून जाण्यासाठी बनवलेले नसते आणि त्याची राख प्लगवर व धुराड्याच्या तोंडाशी साचते.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे: १००० ला प्रमाणाच्या आकड्याने भागले की एका लिटरमागे किती मिली ऑइल घालायचे ते मिळते. ५०:१ साठी २० मिली, ४०:१ साठी २५ मिली, २५:१ साठी ४० मिली. पाच लिटरच्या कॅनला अनुक्रमे १००, १२५ आणि २०० मिली लागतात. बाटलीच्या झाकणाने किंवा ‘दोन घोट’ अशा अंदाजाने माप घेऊ नये. औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना २० किंवा ५० मिलीची सिरिंज हे यासाठी सर्वांत स्वस्त आणि अचूक साधन आहे, आणि ती या कामासाठीच वेगळी ठेवावी.

मिश्रण नेहमी कॅनमध्ये करावे, यंत्राच्या टाकीत नव्हे. आधी निम्मे पेट्रोल कॅनमध्ये घ्यावे, त्यात मोजलेले पूर्ण ऑइल सोडावे, झाकण घट्ट लावून चांगले हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. टू-स्ट्रोक ऑइलमध्ये बहुधा लाल, निळा किंवा हिरवा रंग घातलेला असतो, त्यामुळे मिश्रण झाल्याची खात्री डोळ्यांनीही करता येते: कॅनमधून पाहिले तर रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा दिसला पाहिजे, तळाशी गडद दोरे रेंगाळता कामा नयेत. कॅनवर प्रमाण आणि तारीख लिहावी. टाकी भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी कॅन पुन्हा हलवावा आणि बारीक जाळीच्या गाळणीतूनच इंधन ओतावे.

ऑइल थोडे जास्त पडले तर इंजिनाला फायदाच, ही समजूत गावोगाव आढळते, आणि ती खोडून काढणे मला आवश्यक वाटते. तेवढ्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजे ज्वलनासाठी हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी स्थिती येते. शिवाय न जळलेले ऑइल धुराड्याच्या खिडकीवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळीचा थर चढवते, त्यामुळे इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ताकद उतरते. कंपनीने सांगितलेलेच प्रमाण ठेवावे. पुस्तिका हरवली असेल आणि ५०:१ की ४०:१ एवढीच शंका असेल, तर ४०:१ घ्यावे. तेवढ्या फरकाने नुकसान होत नाही. २५:१ चे प्रमाण मात्र जुन्या रचनेच्या यंत्रांसाठी किंवा पुस्तिकेत तसे लिहिले असेल तरच.

फोर-स्ट्रोकचे ऑइल

नवे यंत्र खोक्यातून काढल्यावर त्यात ऑइल नसते, असे गृहीत धरूनच सुरुवात करावी. वाहतुकीसाठी ते कोरडेच पाठवले जाते, आणि खरेदीच्या उत्साहात पहिल्याच दिवशी कोरडे चालवून इंजिन बाद झाल्याची उदाहरणे प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडे असतात.

दर्जासाठी डब्यावर ‘एपीआय एसजे’ किंवा त्यापुढची खूण, म्हणजे एसएल, एसएम, एसएन, आणि घट्टपणासाठी एसएई १०डब्ल्यू-३० हे बहुतेक यंत्रांना योग्य असते. मोटारसायकलसाठी सगळीकडे मिळणारे १०डब्ल्यू-३० फोर-टी ऑइल याच वर्गात बसते, म्हणून वेगळे महाग ऑइल शोधत फिरण्याचे कारण नाही. चंद्रपूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० च्या वर असताना दिवसभर पंप चालवायचा असेल, तर पुस्तिकेतला तापमानाचा तक्ता पाहावा. अशा उष्णतेत १०डब्ल्यू-३० ऑइल थोडे अधिक जळते आणि एसएई ३० जास्त टिकते. १०डब्ल्यू-३० च वापरले तर पातळी अधिक वेळा तपासावी, एवढे पथ्य पुरे.

या इंजिनांमध्ये ऑइल फारच थोडे असते, आणि त्याच्या पातळीकडे लक्ष देण्याचे खरे कारण हेच आहे. उदाहरणार्थ, ब्रश कटरवर येणाऱ्या होंडा जीएक्स ३५ मध्ये अवघे १०० मिली आणि पंप-विडरवर येणाऱ्या जीएक्स १६० मध्ये सुमारे ६०० मिली ऑइल मावते. शंभर मिलीतले तीस-चाळीस मिली जळाले तर मोटारीला जो फरक पडत नाही तो इथे पडतो. म्हणून रोज, पहिली दोरी ओढण्याआधी पातळी पाहावी. यंत्र सपाट जागी ठेवावे, इंजिन बंद असावे, झाकणाभोवतीची माती आधी पुसावी, कारण ती आत पडली की थेट बेअरिंगमध्ये जाते. पट्टी काढून फडक्याने पुसावी. जीएक्स १६० सारख्या इंजिनात ती पुन्हा घालताना आटे न फिरवता नुसती टेकवावी आणि बाहेर काढून पाहावी; पूर्ण भरलेल्या इंजिनात ऑइल भरण्याच्या तोंडाच्या कडेला लागते. त्याहून जास्त भरू नये, नाहीतर ऑइल इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाते आणि निळा धूर निघतो.

पॉवर विडर किंवा पंप उतारावर ठेवला तर अशा इंजिनात ऑइल एका बाजूला जाते आणि ते उडवणारा चमचा कोरडा फिरतो. कमी ऑइलची सूचना मिळाल्यावर इंजिन बंद करणारी सोय असलेली यंत्रे अशा वेळी उतारावर वारंवार बंद पडतात. तो बिघाड समजून त्या सोयीची वायर काढून टाकणे ही मोठी चूक आहे. यंत्राखाली दगड लावून ते सपाट करावे.

पहिला ऑइल-बदल लवकर करावा, कारण नव्या भागांच्या घर्षणातून निघालेला धातूचा बारीक चुरा त्या ऑइलमध्ये असतो. जीएक्स १६० साठी तो पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी आणि पुढे दर ६ महिन्यांनी किंवा १०० तासांनी करायचा असतो. जीएक्स ३५ साठी हेच आकडे १० तास आणि ५० तास असे आहेत. दोन्ही इंजिनांत ऑइल फिल्टर नाही, त्यामुळे सगळी घाण ऑइलच्या बरोबरच बाहेर काढावी लागते. धुळीच्या शेतात रोज काम असेल तर मी या अवधीच्या थोडे आधीच बदल करण्याच्या मताचा आहे. ऑइलचा खर्च पिस्टनच्या खर्चापुढे काहीच नाही.

बदलताना इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे, बंद करून प्लगची टोपी काढावी, खाली तसराळे ठेवून निचऱ्याचा बोल्ट सोडावा आणि ऑइल पूर्ण ठिबकून जाईपर्यंत थांबावे. जीएक्स ३५ ला असा बोल्ट नसतो, म्हणून टाकीचे झाकण घट्ट असल्याची खात्री करून यंत्र कलंडवावे आणि भरण्याच्या तोंडातूनच ऑइल ओतावे. बाहेर आलेल्या ऑइलकडे नीट पाहावे. काळे होणे नैसर्गिक आहे. दुधाळ किंवा कॉफीसारखा रंग असेल तर आत पाणी शिरले आहे. पातळी वाढलेली असून पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर कार्बोरेटरची सुई गळते आहे, आणि इंधनाचा कॉक उघडा राहिल्याने पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरते आहे. अशा पातळ ऑइलवर इंजिन चालवू नये. काम संपल्यावर आणि यंत्र गाडीतून नेताना कॉक बंद करण्याची सवय यासाठीच हवी.

दिवसाचे इंधन, वाहतूक आणि भरणे

जीएक्स १६० पूर्ण कामाच्या भारावर तासाला सुमारे १.४ लिटर पेट्रोल घेते आणि तिची टाकी ३.१ लिटरची असते, म्हणजे एका टाकीत दोन तासांच्या आसपास काम होते. जीएक्स ३५ तासाला सुमारे ०.७ लिटर घेते. या आकड्यांवरून दिवसाचा हिशेब करून तेवढेच पेट्रोल शेतावर न्यावे.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना एकूण ३० लिटरपर्यंत बाळगता येते, आणि ते घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात, तेही जास्तीत जास्त २५ लिटरच्या, ठेवायचे असते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल नेणे बेकायदा तर आहेच, शिवाय घर्षणाने ठिणगी पडण्याचा आणि पाणी समजून कोणी ते पिण्याचाही धोका आहे.

टाकी भरण्याआधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. झाकण हळूहळू फिरवावे म्हणजे आतली वाफ सावकाश निघून जाते. सांडलेले पुसून घ्यावे आणि भरल्या जागेपासून किमान ३ मीटर दूर जाऊन दोरी ओढावी. उन्हात काम चालू असताना ही पाच-दहा मिनिटे अनेकांना नकोशी वाटतात. पाठीवर टाकी असलेल्या फवाऱ्याच्या बाबतीत तरी ती कधीही वाचवू नयेत.

हंगामानंतर

भाताची कापणी किंवा गवताचा हंगाम संपला की यंत्र कोपऱ्यात जाते आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहते. या काळात टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट, पिवळसर रोगण उरते, ते जेटची केसाएवढी भोके बुजवते. इथेनॉलने ओढलेल्या पाण्याने कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटीही धरते. मिश्रण केलेले पेट्रोल ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनची मुदत मी त्याहूनही कमी धरतो.

यंत्र महिनाभराहून अधिक थांबणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, चोक लावून पुन्हा एकदा चालू करावे, म्हणजे कार्बोरेटरमधले उरलेसुरले पेट्रोलही संपते. वाटीला निचऱ्याचा स्क्रू असल्यास तोही सोडून वाटी कोरडी करावी. नंतर प्लग काढून त्या भोकातून चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिली, त्याच इंजिनाला लागणारे ऑइल आत सोडावे आणि दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी, म्हणजे ते सिलिंडरच्या भिंतीवर पसरते. प्लग परत बसवून दोरी जड लागेपर्यंत ओढून सोडावी. फोर-स्ट्रोकमध्ये या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि आत दमट हवा शिरत नाही. फोर-स्ट्रोकचे ऑइलही ठेवण्याआधीच बदलावे, कारण वापरलेल्या ऑइलमधला आम्लांश महिनोन् महिने धातूला लागून राहतो.

काढताना प्लगच्या टोकाचा रंगही पाहून ठेवावा. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक आहे. काळा आणि ओला असेल तर ऑइल जास्त पडते आहे, किंवा चोक लागलेला राहिला आहे अथवा एअर फिल्टर तुंबलेला आहे. पांढराफटक, फुगलेल्या कणांसारखा दिसत असेल तर इंजिनाला इंधन कमी पडते आहे, आणि कारण सापडेपर्यंत ते यंत्र पुन्हा शेतात नेऊ नये.

काढलेले जुने ऑइल बांधावर, ओहोळात किंवा विहिरीजवळ ओतू नये. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडी खांबांना फासण्याची आणि करवतीच्या साखळीला घालण्याची पद्धत आहे. त्यातले जड धातू आणि जळके अंश त्या मार्गाने माती-पाण्यातच जातात, आणि चेन-सॉच्या पंपाचेही त्याने नुकसान होते. जुने ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून मोठ्या गॅरेजला द्यावे, तिथून ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाते. टाकीतून काढलेले पेट्रोल ताजे असेल तरच गाळून मोटारसायकलच्या भरल्या टाकीत थोडे थोडे मिसळून संपवता येते, पण त्यात टू-स्ट्रोकचे ऑइल असेल किंवा तळाला पाण्याचा थर दिसत असेल, तर तेही जुन्या ऑइलबरोबर त्याच गॅरेजकडे, वेगळ्या डब्यात, पाठवावे.